गरोदरपणातील ताण आणि अॅड्रिनल ग्रंथी

विमानतळासाठी उलव्याचा डोंगर सुरुंग लावून फोडण्यात आला आणि परिसरातील दहा गावांतील कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडावी लागली. त्या धामधुमीत काही सुना गरोदरही असतीलच. आज नव्या उलव्यातील गर्भवतीची तऱ्हा वेगळी. सकाळी बामणडोंगरी किंवा खारकोपरला लोकल गाठायची, घराचा हप्ता डोक्यावर, आणि सासर-माहेर दोन्ही लांब. ताणाचे कारण बदलले तरी शरीराचे उत्तर तेच असते.

हे उत्तर देतात त्या अॅड्रिनल ग्रंथी. प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर एक, वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. सुरुंगाच्या आवाजाने छाती धडधडते ती यांच्यातील अॅड्रिनॅलिनमुळे; ते लवकर ओसरते. परंतु काळजी दिवसेंदिवस राहिली, तर मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी निरोप पाठवीत राहते व कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक पाझरत राहते. त्याने रक्तातील साखर व रक्तदाब वाढू शकतो, झोप उडते.

मात्र गरोदरपणात कॉर्टिसॉल वाढणे हे स्वाभाविकही आहे. शेवटच्या महिन्यांत ते एरवीच्या दोन-तीनपट होते, कारण वारच या ग्रंथींना चेतवीत असते. मग बाळाचे काय? वारेतील एक विकर आईच्या कॉर्टिसॉलचा बराचसा भाग निष्प्रभ करून मगच रक्त पुढे जाऊ देते. दीर्घ ताणात ही राखण सैल पडते, असे काही अभ्यासांत दिसले आहे. अकाली प्रसूती व कमी वजनाचे बाळ यांच्याशीही तीव्र ताणाचा संबंध आढळतो. कॅनडातील क्वेबेक प्रांतात जानेवारी १९९८ मध्ये हिमवादळाने लाखो लोकांची वीज गेली. तेव्हा गरोदर असलेल्या ज्या स्त्रियांचे हाल अधिक झाले, त्यांची मुले दोन वर्षांची असताना बोलण्या-समजण्यात थोडी मागे आढळली. अर्थात, ताण असलेल्या प्रत्येक आईचे बाळ असे होते, असा याचा अर्थ नव्हे. त्या धास्तीने नवा ताण घेऊ नये.

‘तुमच्या ग्रंथी थकल्या आहेत’ असे सांगून टॉनिके विकणारे भेटतात. ताणाने ग्रंथी थकतात, हे वैद्यकशास्त्र मानत नाही. उलट अनोळखी पुड्यांत लपविलेले स्टिरॉइड बरेच दिवस पोटात गेले, तर त्या खरोखरच सुस्तावतात. डॉक्टरांनी दमा वगैरेसाठी दिलेले स्टिरॉइड मात्र मनाने एकदम बंद करू नये. ते जिवावर बेतू शकते.

औषधापेक्षा घरच्यांचा हात मोठा. सासूबाईंनी दुपारची तासभर झोप आळस समजू नये. नवऱ्याने हप्त्यांचा हिशेब रात्री अंथरुणावर काढू नये. सरकारी रुग्णालयांत दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी होते. तिथे रक्तदाबाबरोबर झोप व मनाची अवस्थाही मोकळेपणी सांगावी. घरात बोलता येत नसेल, तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते. डोके सतत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज किंवा बाळाची हालचाल कमी वाटणे, यांपैकी काहीही झाले तर ते ‘टेन्शन’ म्हणून सोडून न देता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.