सुतळीचा पीळ

‘सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. हट्टी माणसाला उद्देशून आपण ती वापरतो. पण ती शब्दशः खरी आहे काय? सुंभ म्हणजे नारळाच्या काथ्याची दोरी. आपल्या भंडारा जिल्ह्यात नारळीच्या बागा नाहीत, तेव्हा आपण घरातली सुतळीच घेऊ. वीतभर सुतळी एका जुन्या लोखंडी ताटलीत सरळ ठेवा. घरातल्या मोठ्या माणसाला जवळ बसवा आणि एका टोकाला काडी लावा. वारा नको, फुंकर नको. ज्योत विझली तरी निखारा हळूहळू पुढे सरकत जाईल. शेवटी उरेल ती राख, आणि त्या राखेवर पिळाच्या तिरप्या रेघा बऱ्याच ठिकाणी जशाच्या तशा दिसतील. बोट लावा, की झाला भुगा!

पीळ शिल्लक आहे, पण ताकद गेली. मग सुतळीची ताकद असते कशात? तंतूत, की पिळात?

दुसरी सुतळी घ्या आणि ती उलगडा. आधी दोन किंवा तीन पेड सुटे होतील. प्रत्येक पेड उलगडला, की सोनेरी, खरखरीत तंतू हातात येतील. त्यांतला सर्वांत लांब तंतू मोजा. तो हातभर निघाला तरी पुष्कळ. सुतळीचा गुंडा मात्र कित्येक मीटर लांब असतो. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा एकही तंतू त्यात नाही! आपल्याच जिल्ह्यातल्या कोशाच्या धाग्याशी याची तुलना करा. मोहाडी तालुक्यातील आंधळगावला कोशाचे कापड विणतात. कोशाचा किडा ऐन किंवा अर्जुनाच्या झाडावर कोसला बांधतो. त्याचा एकच अखंड धागा काही शे मीटर लांब असतो. सुतळीला हे भाग्य नाही. तिचे तंतू आखूड आणि सुटे. तरीही ती पोते शिवते, मांडव पेलते आणि लाकडाची मोळी आवळून धरते.

आता उलगडलेले तंतू दोन जुड्यांत वाटा. एका जुडीचे टोक दुसरीच्या टोकावर चार बोटे येईल असे ठेवून ओढा. जुड्या सहज निसटतील. पुन्हा तसेच ठेवा, या वेळी सांध्याला चांगला पीळ द्या आणि पीळ सुटू न देता ओढा. सांधा धरून ठेवतो. गाठ नाही, डिंक नाही, तरी तंतू निसटत नाहीत.

याचे कारण तुम्हाला धुण्याच्या दगडाजवळ सापडेल. ओली चादर पिळली की पाणी का निघते? पीळ देताना कापडाचे बाहेरचे पदर आतल्या पदरांना आवळतात, त्या दाबाने पाणी बाहेर पडते. सुतळीतही तेच होते. बाहेरचे तंतू जिन्यासारखे गोल गोल चढत गेलेले असतात. सुतळी ओढली की ते सरळ होऊ पाहतात आणि आतल्या तंतूंना दाबतात. दाब वाढला की घर्षण वाढते. म्हणजे जितके जोराने ओढावे, तितके तंतू एकमेकांना घट्ट धरतात! मात्र पीळ फाजील झाला, तर तंतू फार तिरपे होतात, ताणाचा बराच भाग पिळातच खर्च होतो, आणि सुतळीला वेढे पडून ती तुटते.

हाताने दिलेला पीळ सोडला की सुटतो, सुतळीचा का सुटत नाही? एक दोरा घेऊन त्याला भरपूर पीळ द्या आणि मधोमध दुमडा. दोन्ही अर्धे आपोआप एकमेकांभोवती वळतील, पण उलट्या दिशेने. पेडाचा पीळ एका बाजूला सुटू पाहतो, पेडांना एकमेकांभोवती दिलेला पीळ दुसऱ्या बाजूला. दोघे एकमेकांना अडवून बसतात. मांडीवर वाख वळणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवलेले नसते, पण त्याचा हात नेमके हेच करतो.

वाख येतो कोठून?

दुकानातली सुतळी बहुधा बंगालच्या तागाची असते. तागाची पहिली गिरणी कलकत्त्याजवळ रिश्रा येथे १८५५ साली निघाली. १९४७ च्या फाळणीत गिरण्या हुगळीकाठी भारतात राहिल्या आणि तागाची बरीचशी शेते पूर्व पाकिस्तानात गेली. तेव्हा तागाला जोड म्हणून एका पिकाकडे लक्ष गेले. व्यापारात त्याला ‘मेस्टा’ म्हणतात. हे परके नाव ऐकून बिचकू नका, ती आपली अंबाडीच आहे! तिच्या पाल्याची आंबट भाजी तुम्ही खाल्ली असेल. विदर्भात शेतकरी इतर पिकांत किंवा धुऱ्याला अंबाडी पेरत आणि तिच्या वाखाचे कासरे, दावी, वेसणी घरीच वळत. पोळ्याला बैलांना नवी वेसण लागे, ती अशीच. याखेरीज रानात पळसाच्या मुळांपासून आणि मुरुडशेंगेच्या सालीपासूनही दोर निघतात. गंमत अशी, की मुरुडशेंगेचे फळसुद्धा पिळलेल्या दोरीसारखेच दिसते.

अंबाडीच्या सालीतले तंतू एकमेकांना आणि लाकडाला चिकटलेले असतात. हा चिकटा मुख्यतः पेक्टिनचा. पेरूची, म्हणजे आपल्याकडच्या जामाची जेली ज्याच्यामुळे थिजते, तेच हे पेक्टिन. ते काढण्यासाठी अंबाडीच्या पेंढ्या दोन आठवडे किंवा थोडे अधिक दिवस पाण्यात बुडवून ठेवतात. पाण्यातले जिवाणू पेक्टिन खातात, तंतू सुटे होतात. दिवस कमी पडले तर साल सुटत नाही. जास्त झाले तर जिवाणू तंतूंनाही सोडत नाहीत आणि वाख कुजका निघतो. म्हणून जाणती माणसे रोज एखादी काडी काढून साल सोलून पाहतात.

येथे एक गोष्ट जपायला हवी. भंडारा हा तलावांचा जिल्हा आहे. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी कोहळी समाजातील जाणत्यांनी पूर्वी बांधलेले पुष्कळ तलाव दोन्हीकडे आहेत. आज त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. त्यांवर धान पिकते आणि त्यांतल्या मासळीवर ढीवर बांधवांची घरे चालतात. अंबाडी कुजताना जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू भराभर संपवतात. पाणी काळे पडते, घाण सुटते आणि लहान तलाव असेल तर मासे वर येऊन तोंडे उघडू लागतात. तेव्हा वाख करायचाच, तर पेंढ्या वेगळ्या खड्ड्यात बुडवाव्या. खड्ड्यातले ते पाणीही तलावात सोडू नये.

पावसात आवळणारी दोरी

घरात सुतळी वापरताना पाण्याशी तिचे नाते माहीत हवे. खुंटीला सुतळी बांधून खाली दगड लोंबता ठेवा. भिंतीवर दगडाच्या पातळीची खूण करा. आता सुतळी पूर्ण भिजवा आणि थोड्या वेळाने पाहा. दगड किंचित वर आलेला दिसेल! भिजल्यावर वस्तू फुगते, मग सुतळी आखूड कशी झाली? तंतू पाणी पितो तेव्हा लांबीने जवळजवळ वाढत नाही, जाडीने मात्र चांगलाच वाढतो. एक दोरा पेन्सिलीभोवती अंतर सोडून पाच वेढे देत गुंडाळा. तेवढ्याच दोऱ्याचे पाच वेढे जाड बांबूभोवती द्या. बांबूवर तो कमी उंची व्यापतो, कारण प्रत्येक फेरीतच जास्त दोरा खर्च होतो. फुगलेल्या सुतळीत तंतूंना असाच लांबचा फेरा पडतो, म्हणून सुतळी आखूड होते. पावसाळ्यात कपड्यांची दोरी ताणून बांधली तर खिळा उपटतो तो याच कारणाने. आणि भिजलेली निरगाठ नखांनी सुटत नाही, तेही याच कारणाने. जी गाठ पुढे सोडायची आहे ती सुरगाठच मारावी.

झाडाच्या बाबतीत ही चूक फार महागात पडते. माझेच सांगतो. आमच्या वाडीत जामाचे एक रोपटे वाऱ्याने वाकत होते. मी त्याला बांबूचा आधार दिला आणि हिरव्या प्लास्टिकच्या दोरीने घट्ट आवळले. ती दोरी मजबूत, न कुजणारी, म्हणून मी खूश! रोपटे वाढले, खोड जाड झाले, दोरी मात्र तशीच राहिली आणि सालीत रुतत गेली. पानांनी तयार केलेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरते. ती वाटच बंद झाली. दोरीच्या वर खोडाला फुगवटा आला, तो मला दिसलाही होता, पण त्याचा अर्थ मला कळला नाही. तिसऱ्या पावसाळ्यात झाड नेमके त्याच वेढ्यावर मोडले. सुतळी असती, तर एखाद्या पावसाळ्यात ती कुजून आपोआप सुटली असती. कुजणे हा दोरीचा दोष, असे मी समजत होतो.

म्हणून रोपाला आधार देताना सुतळी इंग्रजी आठाच्या आकारात फिरवावी. एक वेढा काठीभोवती घट्ट, दुसरा रोपाभोवती बोट जाईल इतका सैल, आणि मध्ये तिढा. रोप काठीवर घासत नाही आणि पावसात सुतळी आवळली तरी जागा उरते. प्लास्टिकची दोरी वापरावी लागलीच, तर वर्षातून दोनदा सोडून बांधावी. तिचे तुकडे तणसात जाऊ देऊ नयेत. गाईबैलांच्या पोटात ते पचत नाहीत, साठतात.

खुंटा आणि कासरा

घर्षणाची आणखी एक करामत गोठ्यात पाहायला मिळते. दहा वर्षांचा मुलगा ओढाळ बैलाला हाताने थोपवू शकणार नाही. पण कासऱ्याचे दोन वेढे पक्क्या खुंट्याभोवती दिले, तर थोपवू शकेल. दोरी आणि लाकूड यांचा घर्षणांक ०.३ धरला, तर गणिताने असे निघते, की एका पूर्ण वेढ्यात सुमारे साडेसहा पट फायदा होतो. दोन वेढ्यांत हे प्रमाण दुप्पट होत नाही, तर साडेसहा गुणिले साडेसहा, म्हणजे सुमारे बेचाळीस पट होते! पलीकडे १०० किलोचा ओढा असेल, तर अलीकडे अडीच किलोच्या आसपास जोर पुरतो. विहिरीत जड वस्तू सोडतानाही हीच युक्ती करतात.

पण हेच गणित उलटेही चालते, ते नीट लक्षात ठेवा. कासरा कधीही आपल्या हाताला किंवा मनगटाला गुंडाळू नये. बैल बुजून पळाला, तर वेढे सुटत नाहीत, आणखी आवळतात. हात सोडवायला वेळच मिळत नाही. दोरी मुठीत धरावी, म्हणजे मूठ उघडली की सुटका होते.

धानाची पोती शिवताना दाभणात ओवलेली सुतळीही याच घर्षणावर टिकते. ताग खरखरीत असल्यामुळे टाका जागचा हलत नाही. गुळगुळीत प्लास्टिकच्या दोरीची गाठ घसरते, तिला एक गाठ जास्त मारावी लागते. १९८७ साली केंद्र सरकारने ठरावीक माल तागाच्या पोत्यांतच भरण्याचा कायदा केला. धान्याचे सरकारी गोदाम पाहिलेत, तर ही पोती दिसतील.

आता एक पाहणी तुमच्यावर सोपवतो. कारल्याचा किंवा दोडक्याचा वेल सुतळीवर चढवा आणि त्याच्या ताणव्यांकडे रोज लक्ष ठेवा. ताणव्याचे टोक सुतळीला धरते. मग मधला भाग स्प्रिंगसारखा गुंडाळू लागतो. पण दोन्ही टोके पक्की झाल्यावर एकाच दिशेने पीळ कसा पडणार? दोरी दोन्हीकडे बांधून मध्ये पिळायचा प्रयत्न करा, म्हणजे अडचण कळेल. चार्ल्स डार्विनने १८६५ साली प्रसिद्ध केलेल्या वेलींवरील निबंधात याचे उत्तर दिले आहे. ते मी येथे सांगत नाही. पूर्ण गुंडाळलेला ताणवा हळूच तोडा, उजेडात धरा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वेढ्यांची दिशा तपासत जा. मध्यावर पोहोचलात, की थांबाल.