अकाउंट कोणी बंद केलं, ते आधी शोधा

विरारनंतर वैतरणा, सफाळे, केळवे रोड आणि मग पालघर. नोव्हेंबर २०१२ मध्ये, पालघर अजून ठाणे जिल्ह्यातच होतं तेव्हा, तिथल्या २१ वर्षांच्या एका मुलीने बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर चार शब्द लिहिले. मैत्रिणीने ते लाइक केले. दोघींना अटक झाली, मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली आणि देशभर ओरड झाल्यावर अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम ६६अ खाली अटक झाली ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं.

आपल्याकडे सोशल मीडिया आणि अभिव्यक्ती स्वातंत्र्य म्हटलं की हेच प्रकरण आठवतं, आणि घोळ इथेच होतो. व्हॉट्सॲप किंवा इन्स्टाग्रामचं अकाउंट उडालं की माणूस पहिल्या ओळीतच राज्यघटनेचं कलम १९ लिहून मोकळा होतो. पालघरला समोर सरकार होतं, पोलीस होते. तुमच्यासमोर बहुतेक वेळा एक खासगी कंपनी असते, आणि तिला कलम १९ दाखवून आजवर फार कोणाचं भलं झालेलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हॉट्सॲप अकाउंट बंद झाल्याबद्दलची एक याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा खंडपीठाने विचारलं की व्हॉट्सॲप वापरणं हा मूलभूत अधिकार कधीपासून झाला, आणि अरट्टई हे देशी ॲप वापरून बघायला सांगितलं. याचिका मागे घ्यावी लागली. कंपनीपुढे कामाला येतात ते तिला लागू असलेले नियम, मुदती आणि तुमच्याकडचे कागद. ते कसे वापरायचे, त्याची ही कृती.

पहिल्या तासात

काही करू नका, हे पहिलं काम. त्याच फोनवरून लगेच दुसरं अकाउंट उघडू नका. बंदी चुकवण्याचा प्रयत्न म्हणून तेही जातं आणि आधीच्या अपिलाचीही वाट लागते. 'दोन हजारात अकाउंट परत मिळवून देतो' असं सांगणारे टेलिग्रामवर आणि कमेंटमध्ये टपलेलेच असतात. त्यांना पैसे देऊ नका, ओटीपी तर मुळीच नाही. कोणी आधीच पैसे काढले असतील तर १९३० वर फोन करा आणि सायबर पोलिसांकडे जा. आपलं वसई-विरार 'मीरा-भाईंदर, वसई-विरार' पोलीस आयुक्तालयात येतं, पालघर ग्रामीण पोलिसांकडे नव्हे.

मग स्क्रीनशॉट काढा. सूचना पूर्ण दिसली पाहिजे, वर वेळ आणि तारीख दिसली पाहिजे. ज्या पोस्टवरून हे झालं ती आठवत असेल तर तिचा मजकूर, फोटो, टाकल्याची तारीख वहीत लिहा. कंपनीचा ईमेल आला असेल तर तो जपून ठेवा, पण त्यातल्या लिंकवर बोट ठेवण्याआधी पाठवणाऱ्याचा पत्ता नीट वाचा. 'कॉपीराइट भंग, चोवीस तासांत उत्तर द्या' अशी खोटी पत्रं पाठवून पासवर्ड काढून घेण्याचा धंदा जोरात आहे. बंदीच्या पानावर आपली माहिती डाउनलोड करायचा पर्याय दिसला तर अपिलाच्या आधी तो वापरा.

दार कोणी लावलं

इथे घाई केली की पुढचं सगळं चुकतं, म्हणून इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. शक्यता तीन.

अकाउंट हॅक झालं असेल तर ते बंदीचं प्रकरणच नाही. पासवर्ड बदललेला, ईमेल बदललेला, आणि तुमच्या नावाने लोकांना पैसे मागितले जात आहेत, असं दिसलं तर हॅक झालेल्या अकाउंटसाठीचा वेगळा मार्ग धरा.

कंपनीने स्वतःच्या नियमांखाली बंद केलं असेल तर सूचनेत तसं लिहिलेलं असतं: समुदाय नियम, स्पॅम, हिंसक दृश्य, खोटी ओळख वगैरे. आपल्याकडची बहुतेक प्रकरणं याच प्रकारची. व्हॉट्सॲप भारतात दर महिन्याला लाखो अकाउंट बंद करतं आणि तसा अहवाल स्वतःच प्रसिद्ध करतं, कारण नियमानेच तो द्यावा लागतो. आगाशीहून सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, विकणाऱ्या बाईंनी नंबर सेव्ह नसलेल्या दोनशे जणांना एकाच दुपारी एकच मेसेज पाठवला, तर यंत्राच्या दृष्टीने त्या आणि कर्जाच्या जाहिराती करणारी टोळी यांत फरक नाही.

सरकारच्या आदेशावरून झालं असेल तर खूण वेगळी असते. एक्सवर 'कायदेशीर मागणीमुळे भारतात रोखले' अशा अर्थाची पाटी येते. शंका असेल तर सोपी परीक्षा आहे. वसईत असं घर क्वचितच, ज्याचं कोणी आखातात किंवा कॅनडात नाही. त्यांना तुमचं पान उघडून बघायला सांगा. तिकडे दिसतं आणि इथे दिसत नाही, म्हणजे बहुधा सरकारी आदेश. तिकडेही दिसत नसेल तर कंपनीचं काम.

कंपनीकडे अपील

आधी ॲपमधलंच अपील. व्हॉट्सॲपवर पुनरावलोकनाची विनंती करायचं बटण असतं, सहा अंकी कोड घालून कारण लिहायचं. इन्स्टाग्राम कधी चेहऱ्याचा व्हिडिओ मागतं. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर बंदीनंतर १८० दिवसांपर्यंत अपील करता येतं, पण त्या मुदतीच्या भरवशावर राहू नका. पहिल्या दोन दिवसांत टाका.

अपिलात काय लिहायचं? चार ओळी पुरतात. भाषण नको, शिव्या नकोत, 'मी पोलिसात जाईन' नको. नियम कोणता, पोस्ट कोणती, तो नियम इथे का लागत नाही, एवढंच. समजा मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या खड्ड्यात दुचाकी घसरून माणूस जखमी झाला, तुम्ही फोटो टाकला, आणि 'हिंसक दृश्य' म्हणून पान गेलं. मग असं लिहा:

'माझं पान १२ तारखेला हिंसक दृश्याच्या नियमाखाली बंद झालं. फोटो रस्त्यावरच्या अपघाताचा आहे. खड्डे बुजवावेत ही मागणी त्याच पोस्टच्या मजकुरात आहे. हिंसेचं समर्थन किंवा कोणाची थट्टा नाही. फोटो झाकून ठेवण्यास किंवा काढण्यास माझी हरकत नाही. पूर्ण पान बंद करण्याचं कारण दिसत नाही. माणसाकडून पुन्हा तपासणी व्हावी.'

शेवटून तिसरं वाक्य महत्त्वाचं. पोस्ट गेली तरी चालेल, पान द्या, अशी तडजोड तुम्हीच पुढे केली की समोरच्याला होकार देणं सोपं जातं. हे काहींना पटणार नाही, तत्त्वाचा प्रश्न वाटेल. पण पाणी, लोकल, रस्ते यांवर बोलणारं पान सहा महिने बंद राहिलं तर ते तत्त्व जपणार कोण?

मराठी पोस्ट असेल तर शेजारी साधं इंग्रजी भाषांतर जोडा. तपासणाऱ्याला मराठी येतं असं गृहीत धरू नका. उलट नियम मात्र मराठीत मागायचा तुम्हाला हक्क आहे: २०२२ च्या दुरुस्तीनुसार कंपन्यांनी आपले नियम आठव्या अनुसूचीतल्या भाषांतही उपलब्ध करून द्यायचे आहेत.

तक्रार अधिकारी

ॲपमधून 'निर्णय कायम' आला किंवा काहीच आलं नाही, की ही पायरी. बहुतेक लोक इथे पोचतच नाहीत. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक कंपनीने तक्रार अधिकारी नेमलेला असतो. ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपनीचा अधिकारी भारतात राहणारा असावा लागतो. नाव आणि संपर्क कंपनीच्या मदत विभागात, तळाशी, सहज न दिसणाऱ्या जागी असतो. शोधा.

तक्रारीत नियम ३(२) चा उल्लेख करा: २४ तासांत पोच द्यायची असते. निकालासाठी मूळ नियमांत १५ दिवस होते, फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ते ७ वर आले. सोबत नियम ४(८) लिहा. मोठ्या कंपनीने स्वतःहून मजकूर काढला तर त्याआधी वापरकर्त्याला कारण कळवायचं आणि बाजू मांडायची रास्त संधी द्यायची, असं त्यात आहे. 'मला पूर्वसूचना मिळाली नाही, कारण सांगितलं नाही' हे वाक्य खरं असेल तर ठळकपणे टाका. कंपनीकडे या नियमाला उत्तरं असतात, पण नियमाचा आकडा लिहिलेली तक्रार नुसत्या रागावलेल्या तक्रारीसारखी बाजूला पडत नाही. तक्रार क्रमांक जपून ठेवा. पुढे सगळं त्यावर आहे.

अपील समिती

तक्रार अधिकाऱ्याचं उत्तर पटलं नाही तर ते मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. अशा तीन समित्या जानेवारी २०२३ मध्ये नेमल्या गेल्या. सगळं ऑनलाइन, जीएसी डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर. फी नाही, वकील लागत नाही, मुंबईला चकरा नाहीत. समितीने ३० दिवसांत निकाल द्यावा अशी अपेक्षा आहे आणि तिचा आदेश कंपनीला पाळावा लागतो. स्क्रीनशॉट, ॲपमधलं अपील, तक्रार क्रमांक, आलेलं उत्तर, हे तारखेच्या क्रमाने एका पीडीएफमध्ये लावून द्या.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ही समिती सरकार नेमतं. सुकेळीच्या व्हॉट्सॲपसाठी ती चांगली आहे. पण तुमची पोस्ट केंद्र सरकारवरच टीका करणारी असेल, तर तिच्याकडे जायचं की नाही हे तुम्ही ठरवा. सत्यतपासणी केंद्र नेमून सरकारने स्वतःबद्दलच्या 'खोट्या' बातम्या स्वतःच ठरवण्याची तरतूद केली होती. ती मुंबई उच्च न्यायालयाने कुणाल कामरा यांच्या याचिकेवर सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. संशय हवेतून आलेला नाही.

सरकारी आदेश असेल तर

आता कलम १९ बाहेर काढा, इथे ते चालतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली केंद्र सरकार मजकूर रोखू शकतं. श्रेया सिंघल निकालात हे कलम टिकलं, पण आदेश लेखी आणि सकारण असावा, म्हणजे त्याला रिटमध्ये आव्हान देता येईल, असं न्यायालयाने नोंदवलं. अडचण अशी की २००९ च्या नियमांत गोपनीयतेचं कलम आहे, आणि त्याचा आधार घेऊन आदेशाची प्रत नाकारली जाते. तरी इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला ईमेल करून प्रत आणि सुनावणी मागा. नकार किंवा गप्प बसणं, दोन्ही पुढे कामाला येतं. हुंड्याची टर उडवणाऱ्या 'दहेज कॅल्क्युलेटर' या संकेतस्थळाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये प्रत द्यायला आणि म्हणणं ऐकून घ्यायला सांगितलं होतं. वसईकराने यासाठी मुंबई उच्च न्यायालयात कलम २२६ खाली जायचं. इथे मात्र वकील हवाच.

पोलिसांचा फोन आला तर वेगळी काळजी. पोस्ट घाबरून पुसू नका, वकिलाला विचारा. तोंडी बोलावण्यावर न जाता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची लेखी नोटीस मागा. कोणी अजून ६६अ चं नाव घेतलं तर ते रद्द झालेलं आहे, आणि त्याखाली कोणावर खटला चालवू नये असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावलंय, हे शांतपणे सांगा.

कंपनीविरुद्ध कोर्ट

शेवटचा आणि महागडा मार्ग. जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर खटल्यात घटनापीठाने बहुमताने म्हटलं की कलम १९ आणि २१ चे हक्क खासगी पक्षांविरुद्धही बजावता येतात. वाचायला छान आहे, पण वर सांगितलेली २०२५ ची याचिका याच्यानंतरची. ग्राहक आयोगाचा रस्ता जरा बरा, पण २०१९ च्या कायद्यात फुकट सेवा बसत नाही. जाहिरातीला किंवा निळ्या टिकेला पैसे भरले असतील तर त्या पावत्या काढा. धंद्यासाठी घेतलेली सेवा एरवी वगळलेली असते, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला कायद्यात सूट आहे. घरून सुकेळी विकणाऱ्या बाई त्यात बसू शकतात.

पुढच्या वेळेसाठी

अकाउंट परत आलं की त्याच दिवशी दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. सोसायटीच्या, पाण्याच्या, लोकलच्या ग्रुपला किमान दोन ॲडमिन ठेवा, वेगवेगळ्या घरांतले. ग्राहकांची यादी फोनबाहेरही लिहून ठेवा आणि सणाच्या आधी एकदम सगळ्यांना न पाठवता ज्यांनी नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज करा. सुकेळीच्या पाकिटावर लेबल छापायला देताना व्हॉट्सॲपच्या नंबरशेजारी दुसरा, साध्या कॉलचा नंबरही द्या.