जुन्या राजदूतचें एंजिन घरीं जुळवितांना

आमच्या सभासदांपैकीं पुष्कळांच्या गोठ्याच्या कोपऱ्यांत, कडब्याच्या पेंढ्यांआड, एखादी जुनी राजदूत गाडी उभी असते. १९६० नंतरच्या दशकांत पोलंडमधील एस्‌एच्‌एल्‌ या गाडीच्या नमुन्यावर एस्कॉर्ट्‌स कंपनीनें ती काढिली, आणि पुढें कित्येक वर्षें गांवोगांवच्या दुधाच्या किटल्या तिनें डेअरीपर्यंत पोंचविल्या. वडिलांची आठवण म्हणून ती पुन्हा चालती करावी असें आतां घरच्या तरुण मंडळींच्या मनांत येतें. काम घरीं होण्याजोगें आहे. मात्र तें करितांना सर्वांचें लक्ष पिस्टन व सिलिंडर यांवर असतें, आणि जेथें खरी नड आहे तेथें कोणी पाहत नाहीं. आम्हीही पाहिलें नव्हतें, म्हणून हा लेख.

प्रथम एंजिनाची रचना ध्यानांत घ्यावी. हें १७३ घनसेंटिमीटरचें, एका सिलिंडरचें व दोन ठोक्यांचें एंजिन आहे. विहिरीवरील डिझेल एंजिनांत असतात तसे व्हॉल्व्ह यांत नाहींत, व तळाशीं तेलाचा सांठाही नाहीं. पिस्टन वर गेला म्हणजे त्याच्या खालच्या क्रँकपेटींत पेट्रोल, तेल व हवा यांचें मिश्रण ओढलें जातें. तो खालीं आला म्हणजे तेंच मिश्रण दाबलें जाऊन बाजूच्या वाटांनीं सिलिंडरांत चढतें. म्हणजे क्रँकपेटी हा एक पंपच आहे. विहिरीवरील पंपाच्या सक्शन पाइपास सुईएवढें छिद्र पडलें तरी पंप हवा घेतो व पाणी सोडतो, हें आपणांस सांगावयास नको. क्रँकच्या दोन्ही टोकांस जीं रबरी ऑइल सीलें असतात, तीं कडक झालीं कीं येथेंही तसेंच होतें. हवा आंत शिरते, पेट्रोल कमी पडतें, आणि तेल पेट्रोलाबरोबरच येत असल्यामुळें तेंही कमी पडतें. पिस्टन तापून सिलिंडरास चिकटतो.

गाडी बाहेर काढल्यावर हौसेनें किक मारूं नये. पिस्टन गंजून धरला असल्यास किकचे दांते तुटतात, व न धरला असला तरी आंतील गंज सिलिंडरावर ओरखडे पाडतो. एंजिन बाहेरून डिझेलनें धुवावें. पण एंजिनाचा व चासिसचा क्रमांक जेथें ठोकलेला आहे तेथें कानस किंवा पॉलिश पेपर लावूं नये. नोंदणी पुस्तकांतील क्रमांक गाडीवर वाचतां आला नाहीं, तर पुढें नोंदणीचें नूतनीकरण अडतें.

पिस्टन धरलेला असल्यास हेड काढून सिलिंडरांत डिझेल व पातळ तेल समभाग ओतावें आणि चार-पांच दिवस तसेंच ठेवावें. सायलेन्सरच्या वाटेनें तें गळून गेलें तर पुन्हा घालावें. नंतर सिलिंडरावर बाहेरून कढत पाणी ओतून, लांकडाचा ठोकळा मध्यें धरून, हलके ठोके द्यावे. लोखंडी पहार लावणाराचा पिस्टन फुटतो. सिलिंडर वर उचलतांच क्रँकपेटीचें तोंड स्वच्छ फडक्यानें बुजवावें. गजनपिनची लहान टाचकडी आंत पडली कीं सारें एंजिन उकलावें लागतें. ही टाचकडी पुन्हा वापरूं नये, नवीच घ्यावी.

सिलिंडर झिजला असेल तर तो बोअर करावा लागतो. नवा पिस्टन अगोदर विकत घ्यावा, तो लेथवाल्याच्या हातीं द्यावा, व त्याच्या मापानें सिलिंडर कापवून घ्यावा. उलट क्रम केल्यास सूट कमी-अधिक होते. रिंगचीं तोंडें पिस्टनच्या खांचेंतील खुंटीवरच बसलीं पाहिजेत, व पिस्टनच्या माथ्यावरील बाण सायलेन्सरकडे असला पाहिजे.

हें सर्व आम्हीं बिनचूक केलें होतें. सीलें मात्र जुनींच ठेविलीं, कारण तीं दिसण्यांत धड होतीं, आणि तीं बदलावयाचीं म्हणजे मॅग्नेटोचें चाक व क्लच काढावे लागतात. गाडी पहिल्या किकेस सुरू झाली. घरांत पेढे वांटले गेले. तिसऱ्या दिवशीं घाट चढतांना मूठ सोडली तरी एंजिन उतरेना, उलट चढूं लागलें, आणि मैलभरांत चाक जाग्यावर थांबलें. पिस्टनची एक बाजू मेणासारखी वितळली होती. आम्ही तडक लेथवाल्याकडे जाऊन त्यास नाहीं नाहीं तें बोललों. त्यानें उत्तर न देतां एंजिनाचीं दोन्ही तोंडें रबराच्या तुकड्यांनीं बंद केलीं, प्लगच्या भोंकांतून सायकलच्या पंपानें थोडी हवा भरली, व मॅग्नेटोकडील सिलावर साबणाचें पाणी सोडलें. बुडबुड्यांचा फेंस आला. सिलिंडर तेव्हांच शेवटच्या मापास आलेला होता. वडिलांच्या हातचा तो सिलिंडर आमच्या आळसामुळें गेला, व आंत नवें लायनर बसवावें लागलें. लेथवाल्याची माफी आम्हीं मागितली, तरी त्याच्या दुकानीं जातांना अजून पाय अडखळतात.

ती परीक्षा प्रत्येकानें एंजिन गाडींत चढविण्यापूर्वीं करावी. दाब सहा पौंडांहून अधिक देऊं नये, नाहीं तर चांगलें सीलही उलटतें. चालत्या गाडींतही खुणा दिसतात. मॅग्नेटोकडील सील गेलें तर एंजिन आपोआप चढतें व प्लग पांढरा पडतो. क्लचकडील गेलें तर गिअरपेटींतील तेल कोठें जातें तें कळत नाहीं आणि सायलेन्सर दाट धूर ओकतो. दहा वर्षें उभ्या राहिलेल्या गाडीचीं दोन्ही सीलें न पाहतांच बदलावीं, असें आमचें मत आहे.

पहिले पांचशें किलोमीटर मूठ अर्ध्यापेक्षां अधिक पिळूं नये, आणि लिटरमागें पन्नास मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल घालावें. आणखी एक गोष्ट आपल्या उंसाशींच संबंध ठेवणारी आहे. आजच्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. उंसाला त्यामुळें गिऱ्हाईक मिळालें हें खरें, पण हें पेट्रोल हवेंतील ओल शोषतें, व जुन्या कार्ब्युरेटरचें रबर त्यांत फुगतें. म्हणून गाडी पंधरवड्याहून अधिक उभी राहणार असेल तर टांकीचा कॉक बंद करून, कार्ब्युरेटरची वाटी रिकामी होऊन एंजिन आपोआप बंद पडेपर्यंत तें चालूं द्यावें.