धूम्रपान आणि हिरड्यांचा दाह : वहीत न दिसणारा तोटा

हिरड्यांतून रक्त येत नाही, म्हणजे हिरड्या निरोगी आहेत, असा सर्वसाधारण समज आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या बाबतीत हा समज घातक ठरतो. म्हणून त्याविषयी येथे थोडे लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

दातांच्या कडेला जंतूंचा चिकट थर साचला की हिरड्या लाल होतात, सुजतात, दुखतात आणि दात घासताना त्यांतून रक्त येते. हा शरीराने दिलेला इशारा होय. निकोटीनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. त्यामुळे रक्त कमी येते, लालीही कमी दिसते. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची शक्ती धुराने क्षीण होते व आजार आत वाढत राहतो. दाताला आधार देणारे हाड झिजते आणि शेवटी दात हलू लागतो. ज्या वहीत तोटा लिहिलाच जात नाही, ती वही जुळलेली दिसते. पेढी मात्र बुडत असते.

आपल्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीनची काढणी आटोपल्याशिवाय दवाखान्याची पायरी न चढणारे अनेक आहेत. दुखणे सोसवेनासे होईपर्यंत थांबलेल्या रुग्णाचा दात वाचविणे अनेकदा कठीण होते. झिजलेले हाड सहसा पूर्ववत होत नाही.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करीत, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू सेवन करीत. मिश्री लावणाऱ्या भगिनींनी व खर्रा खाणाऱ्या बांधवांनीही निश्चिंत राहू नये. तंबाखू जेथे ठेवली जाते, तेथील हिरडी खाली सरकते. मिश्रीने दातदुखी बरी होत नाही. सवय मात्र जडते.

विडी सोडल्यावर काही आठवडे हिरड्यांतून रक्त अधिक येऊ शकते. ‘सोडली म्हणून त्रास वाढला’ असे समजून अनेक जण पुन्हा विडीकडे वळतात. वस्तुतः दबलेला इशारा पुन्हा उमटू लागलेला असतो. अशा वेळी दंतवैद्याकडून दात स्वच्छ करून घ्यावेत. धूम्रपान सोडलेल्यांच्या हिरड्या उपचारांना अधिक चांगला प्रतिसाद देतात.

आमच्या केसपेपरवर पूर्वी ‘रक्त येते काय?’ एवढाच प्रश्न होता. आता ‘तंबाखू कोणत्या स्वरूपात घेता?’ हा रकाना आम्ही जोडला आहे. रुग्णांनी तो संकोच न बाळगता भरावा. व्यसनमुक्तीच्या मार्गदर्शनासाठी १८००-११-२३५६ ही शासनाची निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. दात हलण्याची वाट न पाहता तिचा लाभ घ्यावा, ही नम्र विनंती.