‘मन्न’ : केलेला उपकार बोलून दाखवणे

सूरह अल्-बकराच्या २६४व्या आयतीत ईमानधारकांना बजावले आहे की, ‘मन्न’ आणि ‘अज़ा’ यांनी आपला सदका वाया घालवू नका. ‘अज़ा’ म्हणजे दुखावणे. ते सहज ओळखू येते. ‘मन्न’ मात्र पुष्कळदा गोड शब्दांत येतो. “मी होतो म्हणून तुझे शिक्षण झाले,” हे पाहुण्यांदेखत, हसत हसत म्हटले जाते आणि पुतण्या मान खाली घालतो. मराठीत अशा माणसाला आपण मिंधा म्हणतो. जकातीचे पाकीट देताना छायाचित्र काढणे, हाही माझ्या मते ‘मन्न’च, तेथे शब्दांची गरजही उरत नाही.

गंमत अशी की, या शब्दाचा मूळ अर्थ निव्वळ उपकार करणे असा आहे. सूरह अल्-हुजुरातच्या १७व्या आयतीत तो दोन्ही अंगांनी येतो. काही लोक आपण इस्लाम स्वीकारल्याचा उपकार प्रेषितांवर (स.) दाखवतात, उत्तर मिळते की, ईमानाची वाट दाखवून उपकार तर अल्लाहने तुमच्यावर केला आहे. क्रियापद तेच, पण अल्लाहकडे ते शोभते. कारण देणाऱ्या माणसाच्या हातातले धनही मुळात त्याला मिळालेलेच असते.

याच धातूचा आणखी एक अर्थ तोडणे. म्हणून सूरह अत्-तीनमधील ‘अज्रुन ग़ैरु ममनून’ म्हणजे कधीही न खंडणारा मोबदला. काही भाष्यकारांनी मात्र त्याचा अर्थ असाही घेतला आहे : जो दिल्यावर बोलून दाखवला जाणार नाही, असा मोबदला.