आजचं चिंतन : आधी चाहूल, मग पाऊल (गीता १२.१५)

ज्याच्यामुळे कोणी त्रासत नाही आणि जो कोणामुळे त्रासत नाही, तो भक्त भगवंताला प्रिय, असं आजचा श्लोक सांगतो.

२०१३ साली गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या वेळी पाकट माशांनी अनेक भाविकांना दंश केला. पाकट वाळूत दडून बसतो. तो अंगावर येत नाही. पाय पडला तरच शेपटीचा काटा मारतो. म्हणून चिंचणी-केळव्याला बाप्पाला घेऊन पाण्यात उतराल तेव्हा पाय न उचलता वाळूत घासत चला. चाहूल लागली की तो सहसा निघून जातो. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि डॉक्टरांना दाखवा.

घरी, ऑफिसात बोलतानाही आज हेच करून बघूया.