दहा मिनिटांचे पाहुणे

दारात कुणी आलं की हे सांगतात, ‘‘सकाळपासून उपाशी आहे, ही जेवायला देत नाही.’’ खरकटं ताट शेजारीच असतं. पण बघतो कोण? धाकट्या दिरांनी तर भावकीसमोर विचारलं, ‘‘वहिनी, दादाचा घास जड झाला का तुम्हाला?’’ तो शब्द अजून घशाखाली उतरलेला नाही.

दिरांसमोर हे ठणठणीत. कपाशीचा भाव, पिंपळगावचा मिरचीबाजार, जुन्या ओळखी, सगळं बोलतात. स्मृतिभ्रंशाच्या या आजारात थोडा वेळ असं सावरून बोलता येतं. पाहुणा चहा पिऊन गेला, दिवस कलला की मग सुरू, ‘‘मला घरी जायचंय.’’ स्वतःच्याच ओसरीवर बसून!

‘हेच तुमचं घर’ म्हणू नका, जास्तच भडकतात. मी म्हणते, ‘‘जाऊ, आधी गुरांना वैरण टाकू.’’ हातात पेंडी दिली की बहुतेकदा विसरतात. दिवे लवकर लावा, सावल्यांना घाबरतात. चोरीचा आळ आला तर खुलासा करत बसू नका, ‘शोधू या’ म्हणा.

पोळ्याच्या सुमारास एकाएकी ह्यांची झोप उडाली. कोपऱ्यात कुणी बसलंय म्हणून काठी उगारली, ती माझ्यावर. जन्मात हात न उचललेला माणूस! दीर म्हणाले, बाहेरचं आहे. देवऋषी आला, कोंबडं गेलं. शेवटी मीच गाडी करून भोकरदनला दवाखान्यात नेलं. लघवीत संसर्ग निघाला. औषध लागू पडलं तशी काठी थांबली; विसरणं राहिलं. कोंबड्याचे पैसेही मीच दिले.

म्हणून सांगते, दोन-चार दिवसांत वागणं एकदम बदललं तर आधी लघवी, ताप, बद्धकोष्ठता, नवी सुरू केलेली गोळी बघा. पहिल्यांदाच विसरायला लागले असतील तर बी-12 आणि थायरॉइडही तपासून घ्या. मेडिकलवरून परस्पर झोपेची गोळी आणू नका, तोल जाऊन पडतात. आणि शहाणपण शिकवणाऱ्याला चहाला नाही, मुक्कामाला बोलवा. आमच्या दिरांना अजून सवड झालेली नाही.

2023 साली छापून आलेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या 100 जणांत सातांहून जास्त जणांना स्मृतिभ्रंश निघाला. म्हणजे आमच्या धावडा गावातही आम्ही एकटे नसणार, बाकीच्यांनी दारं लावून घेतलीत.

‘स्वतःची तब्येत सांभाळा’ सगळे म्हणतात; कधी, ते कुणी सांगत नाही. मनाच्या त्रासासाठी असलेल्या टेलिमानस हेल्पलाइनचा नंबर 14416 मात्र लिहून ठेवा. फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर 14567 आहे, तो दिवसा लावा.